पलुस्कर : पिता आणि पुत्र



आज बोलायचे आहे ते नाशकात राहून गेलेल्या एका थोर गवयाविषयी आणि त्यांच्या मुलाविषयी. पण सुरुवात माझ्या घरातल्या एका गिटारीपासून करावी लागणार, त्याला इलाज नाही. माझा मुलगा अकरावीत आहे. गेल्या दिवाळीत त्याने साठवलेल्या पैशांतून एक गिटार आणली आणि तेव्हापासून आमच्या घरातली संध्याकाळ शांत अशी राहिलेली नाही. तो आणि त्याचे तीन मित्र मिळून ज्याला रॉक म्हणतात तसले संगीत वाजवतात. मी मराठीचा मास्तर. ज्ञानेश्वरीच्या ओव्या शिकवून घरी यावे आणि फाटकापासूनच दणदणाट ऐकावा, असा रोजचा योग. एके दिवशी मी जरा चिडूनच म्हणालो, "अरे, हे तुझ्या डोक्यात आले तरी कुठून?" त्यावर तो शांतपणे म्हणाला, "बाबा, पॉल मॅकार्टनीच्या डोक्यात त्याच्या वडिलांकडून आले. माझे मला शोधावे लागते. तुम्ही कुठे काय वाजवता?"

हे उत्तर मला लागले. पण मास्तर माणूस, त्यामुळे आधी चौकशी केली. हा पॉल मॅकार्टनी म्हणजे इंग्लंडमधल्या लिव्हरपूल बंदरात १९४२ साली जन्मलेला गायक. 'बीटल्स' नावाच्या चौघांपैकी एक. साऱ्या जगाला वेड लावले त्या मंडळींनी. त्याचे वडील जिम मॅकार्टनी हे कापसाच्या पेढीवर विक्रीचे काम करीत. पण १९२० नंतरच्या काळात त्यांचा स्वतःचा एक छोटा वाद्यवृंद होता. ते तुतारीसारखे ट्रंपेट वाजवीत, पियानो वाजवीत. घरात पियानो होता. मुलाच्या वाढदिवसाला त्यांनी ट्रंपेट आणून दिले. मुलाच्या लक्षात आले की तोंडाला ट्रंपेट लावले की गाता येत नाही. त्याने ते दुकानात देऊन बदल्यात गिटार आणली. बापाने ते चालवून घेतले. पुढे मुलाने एक गाणे रचले, त्यात 'होय'साठी रस्त्यावरचा अमेरिकी उच्चार पुन्हा पुन्हा येत होता. वडील म्हणाले, अरे, नीट 'येस' म्हणा की! मुलांनी अर्थातच ऐकले नाही. जिमने कधीकाळी बसवलेली एक सूरावट मात्र मुलाने १९७४ साली ध्वनिमुद्रित करून ठेवली. दोन वर्षांनी वडील गेले.

असे वाचले की वाटते, चला, हिशोब सरळ आहे. बाप वाजवणारा, म्हणून मुलगा गाणारा. पण लगेच दुसरे उदाहरण पुढे येते. आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला एक पारशी मुलगा, फारूख बलसारा, पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावाने रॉक गायक म्हणून जगभर गाजला. पियानोही तो पाचगणीच्या शाळेत असतानाच शिकला. त्याचे वडील झांजिबारला सरकारी नोकरीत कॅशियर होते. त्यांच्या गाण्याबजावण्याची काही ख्याती नाही. तेव्हा नियम काढण्याच्या भानगडीत पडू नये. मला मात्र या निमित्ताने आपल्या नाशिकची आठवण झाली. वडील स्वतः थोर गवई, मुलगाही थोर गवई, आणि तरीही वडिलांनी मुलाला आपल्या तोंडाने फारसे शिकवलेच नाही, शिकवायला वेळच मिळाला नाही, असे एक घर पंचवटीत होते. ते घर पलुस्करांचे.

पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांचे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. निदान शाळेतल्या संगीतशिक्षकांनी तरी ऐकलेच असेल, कारण त्यांच्या पोटापाण्याशी या नावाचा संबंध आहे. कसा, ते पुढे येईल. जन्म १८ ऑगस्ट १८७२, कुरुंदवाड संस्थानात. मूळ आडनाव गाडगीळ. सांगलीकडच्या पलूस गावावरून पलुस्कर झाले. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार. म्हणजे इथेही मागे एक गाणारा बाप होताच. मुलगा लहान असताना उत्सवात शोभेची दारू चेहऱ्यासमोर उडाली आणि डोळे अधू झाले. शाळेची पुस्तके मिटली. डोळ्यांच्या उपचारासाठी मिरजेला नेले आणि तिथेच, पुस्तक वाचता येत नाही तर गाणे तरी शिकू दे, म्हणून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या हाती दिले. बुवा ग्वाल्हेर घराण्याचे. ती गायकी महाराष्ट्रात रुजवली ती मुख्यतः त्यांनी.

मिरजेतली एक आठवण सांगतात. गावात काही समारंभ होता. संस्थानच्या मर्जीतला विद्यार्थी म्हणून विष्णूला बोलावणे आले, गुरूंना आले नाही. याने कारण विचारले तेव्हा कळले की ते काय, गवई! गवयाला का कोणी सभेला बोलावतो? ही गोष्ट शब्दशः अशीच घडली असेल वा नसेल. पण पुढे या माणसाने जन्मभर जे केले त्याचे मूळ या एका 'काय, गवई' मध्ये आहे, हे मात्र पटते. त्या काळात गवई म्हणजे संस्थानिकाच्या दाराशी बसणारा माणूस. मर्जी असेल तर शालजोडी, नसेल तर उपास. गाणे ऐकायचे तर राजवाड्यात ओळख हवी. चांगल्या घरच्या मुलामुलींनी गाणे शिकणे तर दूरच राहिले.

१८९६ च्या सुमारास विष्णु दिगंबर मिरजेहून बाहेर पडले. बडोदा, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा असे करीत पंजाबात गेले. वाटेत एक नवीनच गोष्ट त्यांनी केली. तिकीट लावून, कोणीही यावे आणि ऐकावे, असे जाहीर गाणे केले. आज आपल्याला यात काही वाटत नाही. पण ज्याच्या खिशात चार आणे आहेत तो सरदाराइतकाच श्रोता, हे गवयाने प्रथम मानले ते तिथे.

५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. कुठे कुरुंदवाड आणि कुठे लाहोर! भाषा वेगळी, पदरी पैसा नाही, डोळे अधू. सुरुवातीला विद्यार्थीही येईनात. पण शाळा चालली. वेळापत्रक, वर्ग, परीक्षा, पदवी हे सगळे त्यांनी गाण्यात आणले. गुरूच्या घरी पाणी भरून वर्षानुवर्षे एक पलटा घोकण्याऐवजी फळ्यावर स्वर लिहून पन्नास मुलांना एकदम शिकवायचे. त्यासाठी स्वतःची स्वरलिपी बसवली, छापखाना घातला, पुस्तके काढली. शिवाय काही निवडक मुले ठेवून घेतली, त्यांना उपदेशक म्हणत. त्यांच्याशी करार असे, सुमारे नऊ वर्षांचा. राहणे, जेवण, कपडा, शिक्षण, सगळे गुरूकडून. आणि शिकून झाले की देशभर जाऊन गाणे शिकवायचे. या मुलांत मिरजेचे विनायकराव पटवर्धन होते, कोल्हापूरचे नारायणराव आणि शंकरराव हे व्यासबंधू होते, गुजरातचे ओंकारनाथ ठाकूर होते, बा. र. देवधर होते. नारायण मोरेश्वर खरे होते, जे पुढे साबरमतीला गांधीजींच्या आश्रमात गेले आणि १९३० साली दांडीयात्रेत चालले. आपण शाळेत म्हणतो ती रामधून, तिची रूढ चाल विष्णु दिगंबरांचीच मानतात.

आता एक कबूल करतो. त्यांची सगळीच बाजू मला पटते असे नाही. त्यांची स्वरलिपी बारकाव्याची खरी, पण किचकट. व्यवहारात भातखंड्यांची सुटसुटीत लिपी पुढे गेली. जुन्या बंदिशींतले शृंगाराचे शब्द काढून तिथे देवाचे नाव घालण्याचा त्यांचा सपाटाही मराठीच्या मास्तराला थोडा खटकतो. गाणे घराघरांत न्यायचे तर ते सोवळे करूनच न्यावे लागेल, असा त्यांचा हिशोब असावा; आणि त्या काळात तो चुकलाही नाही. त्यांच्यावर टीका होई की असल्या वर्गांतून कुठे तानसेन निघतात काय. त्यावर, तानसेन नाही निघाले तरी कानसेन निघतील, अशा अर्थाचे ते म्हणत, असे सांगतात.

१९०८ साली ते मुंबईला आले. तिथे सँडहर्स्ट रोडवर विद्यालयाची मोठी इमारत बांधली, कर्ज काढून. विद्यार्थ्यांकडून पैसे घ्यायचे नाहीत, उलट त्यांना पोसायचे, आणि कर्ज मात्र गाण्याच्या बैठका करून फेडायचे. कोणीही व्यवहारी माणूस सांगेल की हे गणित सुटणारे नाही. ते सुटले नाहीच. विष्णु दिगंबर दौरे करीत राहिले, व्याज वाढत राहिले, आणि १९२४ च्या सुमारास ती इमारत लिलावात गेली. ज्या माणसाने गवयाला मान मिळवून दिला त्याच्या विद्यालयावर लिलावाची दवंडी पिटली गेली.

त्याआधीच त्यांचे मन नाशिककडे वळले होते. भगवी कफनी अंगावर आली होती. १९२२ च्या सुमारास पंचवटीत त्यांनी रामनाम आधार आश्रम काढला. रामायणावर प्रवचन करावे, मध्येच गावे, लोकांकडून रामधून म्हणवून घ्यावी, असा क्रम. गोदाकाठी रोज येणाऱ्या जाणाऱ्या यात्रेकरूंना तिकीट नाही, आमंत्रण नाही. ज्यांना मोठमोठ्या महाराजांनी ऐकले ते गवई आता रामकुंडावर आंघोळ करून आलेल्या खेडुताला ऐकू येत होते.

या घरात, या दिवसांत, एक लहान मूल होते. दत्तात्रेय. घरात त्याला बापू म्हणत. जन्म २८ मे १९२१. विष्णु दिगंबरांची बाकीची अपत्ये लहानपणीच गेलेली. एक नाही, दोन नाही, अनेक. हा एवढा एक राहिला, तोही वडिलांच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर झालेला. आपण जरा त्या बापाच्या जागी उभे राहून पाहू. शेकडो पोरांना गाणे दिले, जेवू घातले. स्वतःचे पोर गाण्याच्या वयात येईल तोवर अंगात त्राण उरलेले नाही, विद्यालय गेलेले, कर्ज राहिलेले. मुलाच्या कानावर रामधून पडत होती, प्रवचनातली भजने पडत होती, आल्यागेल्या शिष्यांचे गाणे पडत होते. पण समोर बसवून दहा-बारा वर्षे घ्यायची जी तालीम, जी इतरांच्या मुलांना त्यांनी दिली, ती स्वतःच्या मुलाला देणे राहून गेले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेला विष्णु दिगंबरांनी देह ठेवला. जिथे डोळ्यांच्या उपचाराला आणले होते तेच गाव. वय एकोणसाठ. बापू दहा वर्षांचा.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. थोरांची मुले पोरकी झाल्यावर त्यांचे काय होते, हे आपण खेड्यापाड्यांत पाहतो. बाप होता तोवर ओसरीवर माणसे मावत नाहीत; बाप गेला की तेराव्यापर्यंत येतात. पण इथे तसे झाले नाही.

त्याच वर्षी, १९३१ च्या डिसेंबरात, विष्णु दिगंबरांचे शिष्य अहमदाबादला जमले आणि त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापले. हेच ते मंडळ, ज्याच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा परीक्षा आज तालुक्याच्या गावीसुद्धा होतात आणि ज्याची विशारद पदवी दाखवून आपल्यातले कितीतरी संगीतशिक्षक शाळेत लागले आहेत. पोटापाण्याचा संबंध मघाशी म्हणालो तो हा. विनायकराव पटवर्धन त्या वेळी गंधर्व नाटक मंडळीत होते. बालगंधर्वांबरोबर नायकाची कामे करीत होते. रंगभूमीवर नाव होते, पैसा होता. गुरू गेले आणि त्यांनी तोंडाचा रंग पुसला. ८ मे १९३२ रोजी पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढून ते शिकवायला बसले.

आणि या सगळ्यांनी मिळून बापूला शिकवले. आधी घरातलेच पंडित चिंतामणराव पलुस्कर होते. मग विनायकराव. मग नारायणराव व्यास, ज्यांच्या तबकड्या त्या वेळी घरोघर वाजत होत्या. बाळकृष्णबुवांचेच एक शिष्य मिराशीबुवा, म्हणजे वडिलांचे गुरुबंधू, त्यांच्याकडूनही मिळाले. ज्याला जे विष्णु दिगंबरांकडून मिळाले होते ते त्याने त्यांच्या मुलाच्या ओंजळीत आणून घातले. नऊ वर्षांच्या करारात असे काही कलम नव्हते, की गुरूच्या मागे गुरूच्या पोराला शिकवावे. कागदावर नव्हते ते त्यांनी केले. मला तर असे वाटते की विष्णु दिगंबरांनी मुलाला शिकवले नाही, पण मुलाचे मास्तर मात्र एकेक करून, नऊ नऊ वर्षे खपून, मुलाच्या जन्माआधीच तयार करून ठेवले होते. जाणूनबुजून नव्हे. त्यांना काय ठाऊक!

वयाच्या चौदाव्या वर्षी बापूराव पंजाबात जालंधरला हरिवल्लभ संगीत संमेलनात गायले. जुने, नामांकित संमेलन. विष्णु दिगंबरांनी तिथे आपली सेवा रुजू केलेली. पंजाबातल्या ज्या श्रोत्यांनी वडिलांना ऐकले होते त्यांनी आता मुलाला ऐकले. अशा ठिकाणी मोठ्या बापाच्या मुलाची पंचाईत असते. लोक गाणे ऐकत नाहीत, बाप शोधत असतात.

पण बापूरावांचा आवाज वडिलांसारखा नव्हताच. विष्णु दिगंबरांचा आवाज मोठा, भरदार. काँग्रेसच्या अधिवेशनात, हजारो माणसांच्या मंडपात, ध्वनिक्षेपक नसताना गायलेला. मुलाचा आवाज गोड, नितळ, हळुवार. तो दूरवर फेकण्याचा आवाज नव्हता, जवळ बसून ऐकण्याचा होता. आणि योग असा, की तो तरुण झाला तेव्हा ध्वनिक्षेपक आला होता, तबकडी आली होती, आणि आमची ही नभोवाणी आली होती. वडिलांना घराघरांत गाणे न्यायचे होते. त्यासाठी त्यांनी शाळा काढल्या, माणसे पाठवली, कर्जे केली. मुलाचा आवाज पेटीतून सरळ माजघरात जाऊन बसला.

१९४४ साली त्यांची पहिली तबकडी निघाली. त्या तबकड्या एका बाजूला साडेतीन मिनिटांच्या आतबाहेर वाजत. तेवढ्या वेळात ख्याल गायचा म्हणजे पाटीवर ज्ञानेश्वरी लिहिण्यासारखे. बापूरावांनी ते साधले. श्री, गौडसारंग, तिलककामोद, बागेश्री असे राग त्यांनी त्या साडेतीन मिनिटांत असे मांडले आहेत की नवख्यालाही रागाचे तोंड ओळखू यावे. शिक्षकांना माझे सांगणे आहे, वर्गात राग म्हणजे काय हे शब्दांनी समजावत बसू नका. श्री रागाची ती तबकडी संध्याकाळच्या वेळी एकदा लावा. घाई नाही, आरडाओरडा नाही. बंदिशीचा शब्द स्वच्छ कळतो. तान येते ती पाण्यावरून वारा जावा तशी, आणि जागच्या जागी मिटते. ग्वाल्हेरचे शिक्षण त्यात आहेच, पण दुसऱ्या घराण्यातले जे भावले तेही त्यांनी मोकळ्या मनाने घेतले. वडील घराणे फोडून गाणे बाहेर घेऊन आले होते. मुलाला घराण्याच्या कुंपणाची भीती उरली नव्हती.

आणि भजने! तुलसीदासांचे, बाळ रामचंद्र अंगणात दुडदुडतो त्याचे वर्णन असलेले भजन त्यांनी गायले आहे. मीरेचे गायले आहे. ते ऐकताना मला नेहमी पंचवटीतले ते घर दिसते. सात-आठ वर्षांचा मुलगा दाराशी बसला आहे, आत वडील रामायण सांगत आहेत, भोवती नदीवरून ओल्या कपड्यांनी आलेली माणसे आहेत. तालमीत जे राहून गेले ते या दाराशी मिळाले असेल का? मला वाटते, मिळाले. स्वर शिष्यांनी दिले. पण राम हा गाण्याचा विषय नव्हे, घरातले माणूस आहे, अशा लाडाने ते भजन गायचे, हे विनायकराव किंवा नारायणराव कसे शिकवणार?

चित्रपटात ते फारसे गेले नाहीत. १९५२ सालच्या 'बैजू बावरा' या चित्रपटात नौशाद यांनी त्यांना आणि उस्ताद अमीर खाँसाहेबांना एकत्र गायला बोलावले. देसी रागातली ती जुगलबंदी. पडद्यावर तानसेनाचा आवाज खाँसाहेबांचा, बैजूचा बापूरावांचा. आणि कथेप्रमाणे बैजू जिंकतो. वडिलांना तानसेन निघत नाहीत म्हणून हिणवणारे हयात असते, तर त्यांना हे दाखवायला हवे होते. गंमत बाजूला ठेवू. अमीर खाँसाहेबांचे वडील शाहमीर खाँ हेही सारंगीवादक होते. म्हणजे त्या एका गाण्यात दोन बाप मागे उभे आहेत.

१९५५ साली भारताचे सांस्कृतिक शिष्टमंडळ चीनला गेले, त्यात बापूराव होते. परत आले आणि ऑक्टोबरात मेंदूच्या ज्वराने अचानक गेले. दसऱ्याचे दिवस होते. वय चौतीस. वडिलांना एकोणसाठ वर्षे मिळाली, मुलाला त्याच्या निम्म्याहून थोडी जास्त. तबकडी निघाल्यापासून जेमतेम अकरा वर्षांचा हा सगळा पसारा.

आता थोडे घरचे. माझा जन्म निफाड तालुक्यातल्या एका खेड्यातला. वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. थोडी शेती आणि मारुतीच्या देवळात भजनी मंडळ. दादा पेटी वाजवीत. गावातल्या पंधरावीस पोरांना त्यांनी पेटी शिकवली, एक पैसा न घेता. मला मात्र कधी समोर बसवले नाही. मला अभ्यास होता, दादांना देऊळ होते. मी एम. ए. झालो, शहरात आलो. मनात एक अढी होती, ती मी कोणाला बोललो नाही: गावच्या सगळ्या पोरांना वेळ होता, माझ्यापुरता नव्हता. दादा जाऊन आता सात वर्षे झाली.

मुलाने मला 'तुम्ही कुठे काय वाजवता' म्हटले, ते म्हणून लागले. उत्तर 'काही नाही' असे होते.

गेल्या आषाढात गावी गेलो होतो. मुलगा गिटार घेऊन आला होता, सोडीचना. संध्याकाळी ओसरीवर तो काहीतरी जुळवीत बसला होता, जुळत नव्हते. शेजारच्या आळीतले एक गृहस्थ आले. आता त्यांचीही पन्नाशी उलटली आहे, ट्रॅक्टर चालवतात. त्यांनी थोडा वेळ ऐकले आणि म्हणाले, "बाळा, तुझी तार उतरलीय." मग आत जाऊन दादांची पेटी काढली, धूळ पुसली, भाता मारला आणि षड्ज धरून ठेवला. "याला मिळव," म्हणाले. मुलाने तार मिळवली. पुढे तासभर ते दोघे काय करीत होते मला नीट सांगता येणार नाही. एकाच्या हातात भजनाची पेटी, दुसऱ्याच्या हातात गिटार. पेटीवर त्यांची बोटे अगदी दादांसारखी पडत होती, करंगळी तशीच वर. मी चहा ठेवायच्या निमित्ताने आत गेलो.

पलुस्करांच्या थोर घराशी आमच्या घराची तुलना करण्याचा आगाऊपणा मी करीत नाही. पण विनायकरावांसमोर दहा-बारा वर्षांचा बापू बसला असेल आणि कुठल्यातरी एका जागी विनायकरावांच्या गळ्यातून गुरूंची हरकत निघाली असेल, तेव्हा त्या पोराला काय वाटले असेल, याचा विचार मी त्या संध्याकाळनंतर पुष्कळदा केला आहे.

परतल्यावर एका रविवारी मुलाला घेऊन पंचवटीत गेलो. इंद्रकुंडाजवळ पलुस्करांच्या नावाचे सभागृह आहे, ते त्याला दाखवले. तो म्हणाला, "यांचे काही ऐकायला मिळेल?" घरी येऊन श्री रागाची ती तबकडी लावली, आता ती मोबाइलवरही मिळते. त्याने डोळे मिटून ऐकली. साडेतीन मिनिटे झाली आणि ती थांबली.

"बाबा, पुढचे कुठे आहे?"

"एवढेच आहे," मी म्हणालो. त्याने ती पुन्हा पहिल्यापासून लावली.